वजा दोन

शनिवारी कंपनीला सुट्टी, म्हणून देवरेसाहेबांनी शनिवारच धरला होता. सकाळी नऊ ते दुपारी तीन. तीनला पुण्याची गाडी लागणार, तिचं चलन छापायचं. तेवढ्या वेळात संघर्षने अडतीस कॉम्प्युटरचं एक मोठं नेटवर्क तोडून त्याचे चार भाग करायचे. ऑफिस, स्टोअर, शॉपफ्लोअर, डिझाइन. मागच्या महिन्यात सातपूरच्या एका कंपनीत एका मशीनला व्हायरस लागला आणि तासाभरात अख्खी कंपनी आडवी झाली, तेव्हापासून साहेबांच्या डोक्यात हेच होतं.

आता पावणेदोन वाजले होते आणि सर्व्हर मेला होता.

मेला म्हणजे चालू होता. पंखा फिरत होता, दिवा हिरवा होता. पण एकाही कॉम्प्युटरला तो दिसत नव्हता. चलनं सगळी सर्व्हरमधे. सर्व्हर नाही तर चलन नाही, चलन नाही तर गाडी हलणार नाही. आणि गाडी हलली नाही तर सोमवारपासून संघर्षने यायचं काही कारण उरत नव्हतं.

त्याचं एकट्याचं असतं तरी चाललं असतं. पण त्याला इथे चिकटवलं होतं संजनाताईने, त्याच्या सख्ख्या बहिणीने. ती सहा वर्षं इथल्या स्टोअरला. साहेबांसमोर उभी राहून म्हणाली होती, "भाऊ आहे म्हणून नाही सांगत साहेब, त्याला येतं." आणि ताईला येतं म्हणून सांगणारा कोण? हाच.

येत कुठे होतं! आयटीआय करून सायबर कॅफेत बसायचा, तिथे मित्राच्या पुस्तकाची झेरॉक्स मिळाली. पाढे पाठ करतात तशी पाठ केली. मास्कचे, म्हणजे भाग पाडणारे आकडे: एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव, दोनशे चोवीस. मशीनांना द्यायच्या दोनशे छप्पन्न पत्त्यांचे चार भाग केले तर एकात चौसष्ट. चौसष्ट वजा दोन, बासष्ट. वजा दोन का, ते पान झेरॉक्समधे काळं आलं होतं. त्याने काही विचारलं नाही. उत्तर बरोबर येतंय ना, मग झालं.

सर्व्हरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा होता त्रेसष्ट. साहेबांच्या गाडीच्या नंबरची बेरीज नऊ, मोबाइलची नऊ, म्हणून सर्व्हरचीही नऊ. तीन वर्षांपूर्वी नारळ फोडून दिलेला आकडा. "बाकी काय करायचं ते कर, त्रेसष्टला हात लावायचा नाही," असं बजावून साहेब काल घरी गेले होते.

आणि सर्व्हरमधे नवीन मास्क टाकला की इंग्रजीत एक चौकट यायची. हा पत्ता आणि हा मास्क जमत नाही. पुढे बरंच काही लिहिलेलं असायचं, पण संघर्ष तिथपर्यंत पोचायचाच नाही, ओके दाबून मोकळा. टायपिंग चुकलं म्हणून परत टाकला. सात वेळा टाकला. जुना मास्क ठेवला तर सर्व्हर गप घ्यायचा, पण मग बाकीचे त्याला ओळख द्यायचे नाहीत. केबल बदलली. कार्ड बदललं. हाताच्या घामाने कीबोर्ड चिकट झाला. सगळं पूर्वीसारखं करावं म्हटलं तर कुठल्या मशीनला आधी कोणता आकडा होता ते त्याने लिहूनच ठेवलं नव्हतं.

दारातून वॉचमन खंडेराव डोकावला. "काय इंजिनिअर, उठला का पेशंट?"

"खंडूकाका, जा ना."

"जातो. साहेबांचा फोन होता. अडीचला येतायत म्हणे."

तेवढ्यात ताई आली. गाडी भरायची म्हणून सुट्टीची आलेली. त्याचा डबा तसाच बंद बघून खुर्ची ओढून बसली.

"काय झालंय?"

"काही नाही."

"तोंड बघ आरशात. सांग."

"ताई, मला हे येत नाही." बाहेर पडलं एकदाचं. "पाठ केलंय नुसतं."

ताईच्या कपाळावरची शीर फुगली. मग म्हणाली, "जेवढं येतं तेवढं सांग. पहिल्यापासून."

तो घडाघडा म्हणायला लागला. चार भाग, चौसष्ट पत्ते, वजा दोन, बासष्ट.

"कोणते दोन?"

"अगं, नियम आहे. दोन वजा."

"माझ्या स्टोअरमधे कुणी म्हणालं दोन कमी आहेत, तर मी आधी विचारते कोणते दोन. नुसते दोन कमी नसतात."

संघर्षने डब्याखालचा कागद ओढला. एका भागातल्या चौसष्ट पत्त्यांसाठी सहा जागा. प्रत्येक जागेत शून्य नाहीतर एक. सगळी शून्यं, तो पहिला. सगळे एक, तो शेवटचा. बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. सगळे एक म्हणजे बेरीज... त्रेसष्ट.

त्याने चौकट परत आणली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. तेच तर लिहिलं होतं. सकाळपासून.

"पहिला आकडा म्हणजे त्या अख्ख्या भागाचं नाव," तो पुटपुटला. "आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. तो कुणा एकाला देता येत नाही. ताई, मी सर्व्हरला तोच देत बसलोय."

"मग बदल."

"साहेब म्हणालेत हात लावायचा नाही."

"कशाला नाही लावायचा?" साहेब दारातच उभे होते. चिडले की त्यांची सटाण्याची बोली वर यायची. "काय चाललं शे इथं?"

गुपचूप बदलता आला असता का, हा विचार संघर्षच्या मनात येऊन गेला. पण ताई बघत होती. "साहेब, त्रेसष्ट चालणार नाही. चार भाग केले की तो आकडा कुणालाच देता येत नाही. मला हे सकाळी माहीत असायला पाहिजे होतं. नव्हतं."

साहेब ताईकडे वळले. "मॅडम, तुम्ही म्हणाला होता याला येतं."

"आता येतं," ताई म्हणाली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"चोपन्न देतो, साहेब," संघर्ष घाईने म्हणाला. "पाच नि चार..."

"बेरीज मला येते." साहेबांनी घड्याळ बघितलं. "गाडी जाऊ दे. मग बघतो तुझं काय ते."

चोपन्न टाकलं. चौकट आली नाही. ताई चलन छापायच्या, डिस्पॅचच्या मशीनवर बसली, तो मागून आकडे सांगत गेला. एकदा नाही लागलं. तिने एक शून्य जास्त मारलं होतं. दुसऱ्यांदा स्क्रीनवर सर्व्हरचं उत्तर आलं, चार ओळी, एकाखाली एक. मग प्रिंटर करकरायला लागला.

अजून सदतीस मशीन बाकी होती. ताईने चलन टर्रकन फाडलं आणि उठली.

"ताई..."

"घरी बोलू," ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता, आणि गाडीकडे गेली.