ओ-रिंगवरचं कुंकू

मित्रांनो, त्या केयूरने परवा मला लाथ मारली. वर म्हणतो, "हे डबडं आता भंगारात घाला." ज्याच्या हाताने घोळ झाला, त्यानेच मला डबडं म्हणावं!

मी एक जुनी पोलादी टाकी आहे. पंपाने माझ्यातली हवा उपसली, की माझ्या पोटात अंतराळासारखी पोकळी होते. चाकणच्या सोपानराव वेल्डरांनी मला घडवलं. जोड बोटाने चाचपून ते म्हणाले होते, "हिच्यातून वारासुद्धा जाणार नाही." शाळा मी पाहिलेली नाही, पण गळती मला कुणी शिकवू नये. बारा वर्षं मी गाड्यांच्या सुट्या भागांची गळती पकडली. मग कंपनीत नवं यंत्र आलं आणि मी भोसरीच्या एका शेडमागे जाऊन पडले. पोटात पाली नांदल्या.

तिथून मला सईने काढलं, घासूनपुसून लख्ख केलं. ही मुलगी आणि तिच्याबरोबर काम करणारा केयूर हौशी रेडिओवाल्यांसाठी जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह करतात. तिकडे वरही थोडी विरळ हवा असते, ती उपग्रहाला हळूहळू खाली आणते. म्हणून सईने त्याला विजेवर चालणारं चिमुकलं इंजिन केलंय. ठिणगी पडते, टेफ्लॉनचे कण मागे उडतात, उपग्रह पुढे सरकतो. तुमच्या घरच्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं ना, तेच टेफ्लॉन. इंजिन माझ्या पोटात नीट चाललं, तरच वर जाणार. सोमवारी उपग्रह पाठवायचा. नाहीतर इंजिन काढून त्या जागी तेवढ्याच वजनाचा ठोकळा! सईच्या तीन वर्षांच्या कष्टांच्या जागी ठोकळा!

आणि खंडेनवमीला केयूरने काय केलं? यंत्रांची पूजा. चांगलं केलं, तो माझा मानच आहे. पण दार उघडं ठेवून थेट ओ-रिंगला, म्हणजे दाराच्या रबराला, कुंकू लावलं. वर अक्षता. रबरात तांदळाची एक कणी अडकली, की हवा शिरणारच. हवा शिरली, की ठिणगी भलतीकडेच उडते.

आतला दाब दाखवणारा काटा खाली उतरेना, म्हणून दोन दिवस त्याने पंप उघडला, तेल बदललं, तारा बदलल्या. मी इकडे सूं सूं करून सांगतेय, बाबा, दाराशी बघ! पण ऐकतो कोण?

"टाकीच गळतेय गं. म्हातारी झाली."

"दार पुसलंस का?" सईने विचारलं.

"पूजेचं कुंकू लगेच कुणी पुसतं का?"

सईने कपाळावर हात मारला. "अरे देवा! कुंकू पोटावर लावायचं रे, ओठांवर नाही!"

तिने रबर पुसलं, दार लावलं, पंप सुरू केला. काटा खाली उतरत गेला, उतरत गेला. आणि माझ्या पोटात निळसर ठिणगी पडली. पुन्हा पडली. पडतच राहिली, एकदाही चुकली नाही. सई माझ्या काचेला नाक लावून रडत होती की हसत होती, कोण जाणे.

केयूर ओशाळून पुढे आला. त्याने मला हात जोडले. सईने झडप उघडली, हवा आत धावली आणि त्या आवाजात मी त्याला सुनावलंच, "हात जोडलेस ते पोचलं रे केयूर. आता ते सोड आणि फडकं घे!"