पाचव्याचं ताट

या, असे पुढे सरकून बसा. गुडघे दुखत असतील तर भिंतीला टेका, पण कान इकडे असू द्या. बेंबळीच्या तुळजाबाईंनी कीर्तनात पाचवा भाऊ कसा उभा केला, ते आज ऐकवायचं आहे.

तामलवाडीच्या देवळामागच्या खोलीत तुळजाबाई पायांना तेल चोळत होत्या. उभा जन्म कीर्तनात उभं राहण्यात गेला. मागे तबल्याला कायम नवरा, शांतलिंग. पौषात ते गेले. त्यानंतरचं हे पहिलंच कीर्तन. बाईंनी मनाशी ठरवलं होतं, आज पाचवा उभा राहिला नाही तर चिपळ्या देव्हाऱ्यात ठेवायच्या, त्या कायमच्या.

हे भाऊ सुचले भाचीमुळे. आरोही पुण्यात मोबाइलवरच्या खेळांसाठी माणसं रंगवते. आत्याला दुखवट्याला भेटायला आली, तेव्हा मन रमवायला म्हणून सांगत बसली.

"आत्या, जपानी लोक पाच तत्त्वं मानतात. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि पोकळी. आम्ही माणूस रंगवायच्या आधी त्याचं तत्त्व ठरवतो. मग तो कसा बसेल, कशावर चिडेल, ते आपसूक सुचतं."

"अगं, ही तर आपलीच पंचमहाभूतं की!"

"जवळपास. आपण पाचवं आकाश म्हणतो, ते पोकळी म्हणतात."

"मग त्या पोकळीच्या माणसाचं नाक-डोळं कसं काढतीस गं?"

"तोच तर जमत नाही," आरोही म्हणाली.

आरोही गेली, पण पाचवा बाईंच्या मनातून जाईना. घरात तो त्यांना रोजच भेटत होता. त्यांनी आख्यान रचलं. म्हातारी आई, पाच लेक, एक पंगत. पाचही बसल्याशिवाय आई घास घेत नाही. थोरला पृथ्वीचा, मांडी घातली की आभाळ कोसळलं तरी उठायचा नाही. दुसरा पाण्याचा, ज्याच्याशेजारी बसेल त्याच्यासारखा होणारा. तिसरा अग्नीचा, भाकरी करपली म्हणून ताट सारणारा. चौथा वाऱ्याचा, अर्धी भाकरी हातात घेऊन गावभर हिंडणारा. आणि पाचव्याचं नुसतं ताट.

"भाबी, पाचव्याला ठेका कोणता?" बाबामियाँनी दारातून विचारलं. शांतलिंगांचे हे जुने दोस्त. कव्वालीत ढोलक वाजवून हात जड झालेला, आज तबल्याला ते.

"कोणताच न्हाय. हात उचलायचाच न्हाय."

"लोक म्हणतील, बुड्ढा झोपला!"

"म्हणू द्या. तुमचे दोस्त म्हणायचे, वाजवायला कुनीबी वाजवतंय, थांबायला अक्कल लागती."

"म्हंजे मला अक्कल न्हाय म्हणायचा त्यो!"

"व्हय. तुमालाच म्हणायचे."

दोघंही हसले. हसू मध्येच कुठंतरी थांबलं.

कीर्तनात चार भाऊ झकास रंगले. अग्नीच्या भावानं ताट सारलं, तेव्हा बायकांमधून आवाज आला, "अगं बया, आमच्याच घरातला की ह्यो!" देऊळभर हशा पिकला. मग आई पाचव्या ताटापाशी आली. बाई थांबल्या. तबला थांबला. पेटीचा भाता मिटला.

आता कीर्तनाला बसणारी माणसं कशी असतात, तुम्हाला ठाऊकच आहे. सांगणारा अडला, तर त्याला उघडं पडू देत नाहीत. बाई आख्यान विसरल्या, बिचारीचं दुःख ओलं आहे, असं वाटून पुढच्या रांगेतल्या बलभीम पाटलांनी गजर उचलला. "विठ्ठल विठ्ठल!" देऊळ टाळ्यांनी भरलं. मायेनंच भरलं. आणि पाचव्याला बसायला जागा उरली नाही.

तुळजाबाई एकदम थकल्या. हातातल्या चिपळ्या जड झाल्या. वाटलं, याच गजरात आरती धरावी आणि घर गाठावं. कुणाला काही कळलंही नसतं.

कीर्तनाला उभा राहिलेला माणूस आरतीआधी खाली बसत नाही. तुळजाबाई बसल्या. गजर गोंधळून विरला. त्यांनी चिपळ्या बाजूला ठेवल्या आणि रिकाम्या हातांनी वाढायला घेतलं. भाकरी. शेंगांची चटणी. कालवण. वाटी थोडी पुढे सरकवली. बोलायचं होतं आईनं लेकाशी, पण तोंडून निघालं,

"अहो, मीठ बेताचं हाय का, बघा की."

कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. बलभीम पाटलांचा उचललेला हात हळूच गुडघ्यावर आला. सगळं देऊळ त्या उत्तराची वाट बघत बसलं. बाईंनी पोकळीवर चार ओव्या रचून आणल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

आरती बसूनच झाली. मग दोन बायकांनी त्यांना काखेत धरून उठवलं.

बाबामियाँ अजून तबल्यापाशीच होते. "हात लई शिवशिवत होता, भाबी. मांडीखाली दाबून बसलो. आता मुंग्या आल्यात बघा."

"जळकोटला कीर्तनाचं बोलावणं हाय," बाई म्हणाल्या. "याल का?"

ते पंजा उघडत, मिटत राहिले. मग होकाराची मान हलवली.

तर मायबापहो, कीर्तनाला बसाल तेव्हा उभं राहून सांगणाऱ्याला हात जोडालच. पण त्याच्या मागे बसलेल्याकडेही एकदा बघा, आणि बेंबळीच्या शांतलिंगांना तेवढं आठवा.