बारा फळ्यांचा साचा

मित्रांनो, एका पत्राची आठवण मला सात वर्षे टोचते आहे. ते आले त्याच दिवशी उत्तर जायला हवे होते. गेले नाही. पत्र मला लिहिलेले नव्हते. मला कोण लिहिणार? पण त्यात विचारले होते माझ्याविषयीच, आणि मी गप्प पडून राहिलो.

मी एक जुना साचा आहे. चिंचवडच्या एका लहानशा वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. माझी गोष्ट तुम्हाला सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. तरी सांगतो.

माझा जन्म १९७३ सालचा. आमच्याकडे फायबरचे काम चाले. काचेच्या धाग्यांची चटई साच्यात अंथरायची, तिच्यावर राळेचे थर द्यायचे आणि वाळले की कडक झालेली वस्तू साच्यातून सोडवायची. मोठ्या कारखान्यांतल्या यंत्रांची झाकणे अशी तयार होत. एके दिवशी मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत निराळेच काम आले. दूर हिंदी महासागरातल्या एका बेटावर श्रीमंत पाहुण्यांसाठी हॉटेल झाले होते. तिथे लोक सुट्टीला येत आणि लांब फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला येत. तशा बारा फळ्या हव्या होत्या. सोबत हॉटेलचे रंगीत माहितीपत्रक होते. निळे पाणी, झावळ्यांनी शाकारलेल्या खोल्या, आणि खोलीच्या पायरीपाशीच समुद्र.

"एवढ्या लांब जायचं, पैसं मोजायचं, आन पाण्यावर नुसतं उभं ऱ्हायचं?" सोनबा मिस्त्री म्हणाले. "त्यापरीस आमच्या पवनेला पूर आला का या म्हणावं. फुकट उभं करतो."

"मिस्त्री, आधी तुमी उतरून दावा," मेण-पॉलिश करणाऱ्या मंजुळाबाई म्हणाल्या. "गुडघाभर पाण्यात बोंबलता तुमी."

सारी शेड हसली. सोनबांनी व्यापाऱ्याने दिलेल्या नकाशावरून लाकडाची फळी घडवली आणि तिच्यावर फायबरचे थर देऊन मला तयार केले. ज्या बाजूवर माणूस उभा राहतो, त्या बाजूचा साचा मी. मंजुळाबाई माझ्या पोटाला मेण लावून असे घासत की त्यात त्यांचा चेहरा दिसे. मला त्याचा फार अभिमान होता.

आमचे स्टोअरकीपर यशवंतराव. इंग्रजी पत्रे तेच वाचत आणि लिहीत. टेबलाच्या खणात सदा एखादे पुस्तक, आणि बोलताना नजर जमिनीवर. ते माहितीपत्रक त्यांनी पुस्तकात जपून ठेवले होते. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी उभे राहून ते हळूच उघडून पाहत.

पहिली फळी घडायच्या आधीच खंडेनवमी आली. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. प्रत्येक यंत्राच्या लोखंडी पायावर एकेक नारळ फोडायचा, अशी आमच्याकडची रीत. एरवी तो मान मालकांचा. त्या वर्षी ते गावाला गेले होते.

"यशवंतराव, आज नारळ तुमच्या हातचा," सोनबा म्हणाले.

"नको हो. मला जमायचं नाही."

"नारळ फोडायचाय राव, भाषान न्हाई करायचं!"

सगळे बघू लागले तसे यशवंतराव घामेजले. प्रेसवर फोडला, ड्रिलवर फोडला आणि माझ्याकडे आले. मी लोखंडाचा नाही, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. लवकर सुटावे म्हणून त्यांनी सारा जोर लावून नारळ माझ्यावर मारला. एका फटक्यात दोन भकले झाली. "वा!" असे सगळे ओरडले.

मीही तडकलो होतो. नारळाचे पाणी कुंकवात मिसळून माझ्या पोटावरून वाहिले. यशवंतरावांनी ते पुसले, तेव्हा केसाएवढी एक लाल रेघ उरली. त्यांचा हात थांबला. त्यांनी मागे पाहिले. सगळे खोबरे वाटून घेत होते. मग त्यांनी नखाने चिरेतले कुंकू काढले आणि वर मेण चोळले. मी पुन्हा चकाकलो. खरे सांगतो, मला बरेच वाटले.

पुढे माझ्यातून निघालेल्या प्रत्येक फळीवर त्या जागी एक बारीक वळ उठे. "ह्यो वळ कुठनं येतो?" मंजुळाबाई विचारत. "मेणाचा असेल," यशवंतराव सांगत. मंजुळाबाई तो पॉलिशपेपरने घासून टाकत. घासला की तिथली साल पातळ होई. माझी बारा लेकरे अशी माझीच जखम घेऊन समुद्राकडे गेली.

आठ महिन्यांनी ते पत्र आले. हॉटेलच्या फळ्या सांभाळणाऱ्या इब्राहीम नावाच्या माणसाने लिहिले होते. यशवंतरावांनी ते मंजुळाबाईंना मराठीत सांगितले, म्हणून मलाही कळले. पत्रात होते: बाराही फळ्या एकाच जागी फुटल्या, पाणी पिऊन जड झाल्या. इथले मालक म्हणतात, मी त्या खडकावर आपटल्या. मी आपटल्या नाहीत. टोकापासून दोन हात तीन बोटे, हीच जागा सगळ्यांची. कृपा करून आपला साचा पाहा. तिथे रेघ असेल तर तेवढेच लिहून कळवा. महिनाअखेरीस मला कामावरून काढणार आहेत.

यशवंतरावांनी माझ्यावर हात ठेवून मोजले. दोन हात, तीन बोटे.

"मग लिवा की भाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या.

"लिहितो. पण मालकांना कळलं तर…"

"मालक वरडतील. त्यांचं तर ते रोजचंच हाय."

"लिहितो म्हटलं ना."

त्यांनी लिहायला घेतले आणि फाडले. पुन्हा घेतले, पुन्हा फाडले. महिना संपला. मग महिना संपल्यावर काय तोंडाने लिहायचे, म्हणून राहिले. दिवाळीला मंजुळाबाईंनी विचारले, संक्रांतीला विचारले. त्यानंतर त्यांनी विचारणे सोडले. त्या दिवसापासून यशवंतराव माझ्या बाजूने जाईनासे झाले.

फळ्यांचे काम पुन्हा आले नाही. मला मागे आणून टाकले. पावसाने शेवाळ धरले, कुत्री सावलीला येऊन बसू लागली. मला वाटे, हे योग्यच झाले.

आज सकाळी सोनबा घण घेऊन आले. मागची जागा मोकळी करायचा मालकांचा हुकूम होता. मी फुटलो की पुरावाही गेला. यशवंतराव नुसते स्टोअरमध्ये बसून राहिले असते तरी भागले असते. पण ते धावत आले.

"मिस्त्री, थांबा. आज नका फोडू."

"का? ह्याची पूजा राहिलीय का काय?"

यशवंतरावांनी मान वर केली. "त्या खंडेनवमीला ह्याला चीर गेली ती माझ्या नारळानं. मला तेव्हाच दिसली होती."

सोनबांनी घण खाली टेकवला. "आमीच तर तुमाला फोडाया लावला."

"फोडायला तुम्ही लावलंत. लपवली मी."

मंजुळाबाईंनी बादली आणली आणि माझे शेवाळ धुऊन काढले. यशवंतरावांनी चिरेवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली, तशी रेघ कागदावर उमटली. अशा दोन रेघा घेतल्या. मग तिथेच स्टुलावर बसून त्यांनी दोन पत्रे लिहिली, एक इब्राहीमला आणि एक त्याच्या मालकाला. प्रत्येक ओळ मराठीत मोठ्याने वाचून दाखवली.

"त्यो आता तिथं नसंल," मंजुळाबाई म्हणाल्या.

"नसेल. पण दोष त्याचा नव्हता, हे तिथल्या लोकांना कळेल."

"मग खाली तुमचं नाव मोठ्या अक्षरात लिवा."

त्यांनी लिहिले.

मित्रांनो, हातून एखादी वस्तू तडकली, तर त्याच दिवशी सांगा. साच्याची चीर साच्यापुरती राहत नाही. ती आपण कधी न पाहिलेल्या गावी जाते आणि आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या माथी बसते. मी बोलू शकत नव्हतो, असे म्हणून मी सुटत नाही. मेणाखाली चकाकताना मला सुख वाटले होते.

दुपारी यशवंतराव तिकिटे लावलेली पाकिटे घेऊन मागच्या फाटकाबाहेर गेले. उघड्या फाटकातून मला दिसले, तिथल्या लाल टपालपेटीत त्यांनी हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग पाकिटे आत पडल्याचा आवाज भिंतीपलीकडून मला ऐकू आला. आधी एक, मग दुसरे.