बोगद्यावरचा डोंगर

"ही बस डोंगर चढणार की कोलांटी खाऊन मागे येणार?" साहेबांनी माझ्या पडद्यावरच्या आलेखाकडे बघत विचारलं.

रेघ भिंतीसारखी सरळ वर गेली होती. आमच्या बस कार्यालयात जुन्या गाड्यांच्या जागी विजेवरच्या नव्या गाड्या येणार होत्या आणि कुठल्या मार्गाचा चढ त्यांना झेपेल, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. मार्गावरचे बिंदू प्रोग्रॅमला द्यायचे, तो नकाशातून प्रत्येक बिंदूची उंची घेतो आणि चढ-उताराची रेघ काढतो. प्रोग्रॅम मीच लिहिलेला; लेकीकडून शिकून, तिची बोलणी खाऊन. त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास जरा जास्तच.

"डोंगरापलीकडच्या वस्तीची बस बंद. संध्याकाळी सही करतो," साहेब म्हणाले.

त्या वस्तीत माझ्या वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, एकट्या राहतात. आठवड्यातून तीनदा त्याच बसने डायलिसिसला येतात. बस नाही म्हणजे स्वतःचं घर सोडून आमच्या दोन खोल्यांत येणं आलं. त्यांना ते नको होतं आणि खरं सांगायचं तर मलाही. मी यांना फोन केला, तर म्हणाले, "तूच जा, सामान बांधायला मदत कर. मला ताईच्या तोंडाकडे बघवणार नाही." बायकोला मात्र सगळं बघवतं!

दुपारच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. वन्संना कसं सांगायचं ते जुळवत होते, तेवढ्यात शेजारच्या बाईंनी खिडकी ओढून घेतली.

"बोगदा आला. धूर येतो हो आत."

बोगदा! इतकी वर्षं मी या बोगद्यातून ये-जा करतेय. बस डोंगर चढतच नाही, त्याच्या पोटातून जाते. आणि माझा शहाणा प्रोग्रॅम वरच्या माथ्याची उंची घेऊन बसला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी इतक्या मोठ्यानं हसले की त्या बाई सरकून बसल्या.

बोगद्यातले बिंदू काढून टाकले, दोन्ही तोंडं सरळ रेघेनं जोडली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. डोंगर गेला, साधासा चढ उरला. आलेख पाठवून साहेबांना फोन लावला.

"अहो बाई, बोगदा आज सापडला तुम्हाला?"

"सापडला ना साहेब, तुमची सही व्हायच्या आत."

त्यांनी नवा आलेख उघडून बघितला. मग म्हणाले, "एवढा चढ गाडी सहज काढेल. मार्ग ठेवतो."

माझा जीव भांड्यात पडला. डोळेही भरून आले.

वन्संच्या घरी पोचले तर फळ्या रिकाम्या, भांडी चादरीत बांधून ठेवलेली. यांनी आधीच फोन करून सांगून टाकलं होतं.

"तुला उगाच हेलपाटा," त्या म्हणाल्या. "माझं आवरून झालंय."

"वन्सं, बस बंद होत नाहीये. चूक माझीच होती."

"नक्की?"

"नक्की. साहेबच म्हणाले."

त्या खाली बसल्या आणि चादरीची गाठ सोडायला लागल्या. सुया टोचून टोचून सुजलेल्या हातानं ती सुटेना. मी पुढे झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे गं. मी बांधलीये, मीच सोडते."

मग एकेक भांडं पुसून त्या फळीवर ठेवत गेल्या. मी दाराशी उभी राहून बघत राहिले.