पेल्याचा घसा

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. ज्याचा घसा धरला होता तो आला होता आणि ज्याचा धरला नव्हता तो उद्या धरेल म्हणून आला होता. मंचावर कंठबाबा आणि त्यांच्यापुढे एनॅमलचं पांढरं भांडं. आजाऱ्याने मंतरलेल्या पाण्याचा एक घोट गिळायचा, दुसऱ्या घोटाने गुळणी करून भांड्यात थुंकायचं. पाणी लालभडक झालं की सगळे हात जोडायचे. मग शेजारच्या भांड्यात साध्या पाण्याची गुळणी. ती स्वच्छ पडली की झाला माणूस बरा.

आत्या चौथ्या रांगेत दातओठ खात बसली होती. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत घशाचे नमुने तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती. शेजारी धाकटा भाऊ आणि त्याच्या मांडीवर आठ वर्षांची भाची, अंग तव्यासारखं तापलेलं.

गेल्याच आठवड्यात या पोरीच्या घशात आत्याने स्वतः कापसाची काडी फिरवली होती. तपासणीत एकाच वेळी दोन दुखणी निघाली, फ्लूचा विषाणू आणि वर जिवाणूही. डॉक्टरांनी भावाला नीट समजावलं होतं. विषाणू आपल्या पायाने जाईल, त्याला या गोळ्या लागू नाहीत. जिवाणू मात्र तसा जात नाही, त्याच्यासाठी दहा दिवस गोळ्या, मध्येच सोडल्या तर पुढे हृदयाच्या झडपांवर बेतू शकतं.

भावाने तिसऱ्याच दिवशी बाबा गाठले. बाबांनी तपासणीचा कागद दोन बोटांत धरला आणि हसून म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, मग एका घशात दोन रोग कसे राहतील? गोळ्या बंद. विषाणूचा जोर तसाही ओसरत होता, पोरीला बरं वाटलं आणि श्रेय बाबांनी लाटलं. पाठोपाठ तिला जुलाब लागले, तर म्हणे रोग मिळेल त्या वाटेने पळतोय. आता ताप उलटला होता आणि भाऊ पुन्हा इथेच. आत्या सांगून थकली. त्याचं एकच पालुपद, मी डोळ्यांनी पाहिलंय. जुलाबाचं ऐकल्यापासून मात्र आत्याच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

भाचीचा नंबर लागला. बाबांनी पेला पुढे केला. पोरीने हात लावण्याआधी आत्याने तो घेतला आणि कोणाच्याही ओठाला न लावता सरळ भांड्यात ओतला.

पाणी लालभडक झालं.

"बाबा, या पेल्याला टॉन्सिल कधीपासून झाले?" आत्याने विचारलं.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी सावरून घेतलं, "बाई, तुमच्याच हाताला रोग आहे."

"मग आता तुम्ही ओता. तुमचा हात तर पवित्र आहे."

बाबांनी हात उपरण्यात घेतला. तो काही बाहेर येईना.

मग आत्याने लोकांकडे तोंड करून सगळं सांगितलं. भांड्याच्या तळाला धुण्याचा सोडा फासलेला आहे. पाण्यात एक पांढरी पूड आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत असते तीच. सोडा लागला की ती लाल होते. दुसऱ्या भांड्यात ना सोडा, ना पूड. हीच पूड पूर्वी बद्धकोष्ठावर देत असत, म्हणून बाबांच्या भक्तांना संडास पुरत नाहीत. सभागृहातले बरेचजण एकमेकांची नजर चुकवू लागले.

भाऊ खालमानेने म्हणाला, "ताई, पण मी डोळ्यांनी पाहिलं होतं गं."

"तू रंग पाहिलास. घशात कोणी पाहिलं?"

त्याने पोरीला उचललं आणि थेट इस्पितळ गाठलं. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ठेवली. हृदय शाबूत होतं. गोळ्या पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाल्या आणि या खेपेला भावाने एकही चुकवली नाही.

दुखणी निम्मीअधिक आपोआप बरी होतात आणि बाबा लोकांचा संसार त्याच निम्म्यावर चालतो. उरलेल्या निम्म्यात आपली पोरं असतात. तेव्हा हात जोडायचेच असतील तर जोडा, पण त्याआधी एकदा पेला तोंडाला न लावता ओतून बघा.