सातव्या खाटेचा रिता पाळणा

फाल्गुनाची सकाळ. टेकडीवर पळस पेटलेला. निष्पर्ण, निःशब्द, रक्तवर्ण. त्याची केशरकोवळी आभा तालुक्याच्या दवाखान्याच्या खिडक्यांतून झिरपत होती, बाळंतिणींच्या खाटांवर, पाळण्यांवर, इवल्या मुठींवर.

मालन सिस्टर फेरीला निघाली. वीस वर्षांची तिची रीत: खाटेखाटेशी थांबायचं आणि जात्यावरच्या ओवीच्या लयीत विचारायचं, "पाजलं का गं लेकराला?" पहिली हसली, दुसरी लाजली. तिसरी म्हणाली, "बापावर गेलाय मेला. पोट भरलं तरी ओरडतोच."

सातव्या खाटेशी डोळ्यांआधी जीभ धावली.

"पाजलं का गं लेकराला?"

पाळणा रिता होता.

रात्रीच्या सिस्टरने पाळी सोपवताना सांगितलं होतं: सातव्या खाटेवरच्या भागूची मुलगी मेलेलीच जन्मली, भागू तेव्हापासून पाण्याचा घोट घेत नाही, टिपूस गाळत नाही, तापाने फणफणलीय. ऐकलेलं सारं सवयीने पुसून नेलं. साऱ्या खाटा थिजल्या. भागू मात्र पाहत राहिली. आटलेल्या विहिरीने आभाळाकडे पाहावं, तशी.

शेजारच्या बाळंतिणीची सासू कळवळली, "तरणी आहेस पोरी, देव दुसरं देईल."

"मावशी, थांबा जरा," मालनने तिला अडवलं.

फेरीत कधी न टेकणारी मालन खाटेच्या कडेला टेकली. "चुकले मी, भागू." आणि तिथेच बसून राहिली. उन्हाची तिरीप एका फरशीवरून दुसरीवर गेली, दुसरीवरून तिसरीवर गेली, तरी उठली नाही.

मग हळूच, "कुणावर गेली होती गं?"

भागूचे सुकले ओठ विलगले. "दाखवलीच नाही मला. आईनं बघू नये म्हणतात. पान्हा फुटतो म्हणतात."

आईला न दाखवता असे किती पाळणे मालननेही मुकाट उचलून नेले होते.

"बघायचीय?"

मान हलली. जेमतेम.

कोपऱ्यातल्या खोलीत ते शुभ्र गाठोडं बापाची वाट पाहत होतं. मालनने ते आणलं. जित्या लेकराला आणावं तसं, मानेखाली तळवा धरून.

भागूने फडकं उलगडलं. हिमगार, कमळकळीएवढं मुख. बोट कपाळावरून फिरलं, भुवईवरून फिरलं, हनुवटीशी थांबलं.

"कपाळ माझ्या आईचं," ती म्हणाली.

आणि पान्हा फुटला, आधी डोळ्यांचा, मागून उराचा. चोळीवर दोन ओले चंद्र उगवत गेले, उगवत गेले; आणि त्या दोन चंद्रांच्या मधोमध, पळसाच्या उजेडात, लेक निजली होती, नुकती न्हाऊ घातल्यासारखी.