लागला, गेला

माझ्या लेकीला, संस्कृतीला, ताप आला की मी वेळ आणि आकडा वहीत लिहिते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर गेले दोन महिने गाडीचं दुखणं लिहीत होते. ‘कोल्हारचा पूल, गतिरोधक. बॅटरीचा लाल दिवा, दोन सेकंद.’ ‘लोणीचं वळण. लागला, गेला.’

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, जुनी ट्रॅव्हलर. वीस वर्षं त्यांनी तिच्यातून शिर्डीला भाविक नेले. डोळे अधू झाले तेव्हा चावी माझ्या हातात दिली. मी आणि माझ्या नवऱ्याने, रविराजने, मागच्या सीट काढून पलंग, शेगडी, छोटा फ्रिज बसवला. चार वर्षांच्या लेकीला घेऊन भंडारदऱ्याला दोन रात्री राहूनही आलो. मग दसऱ्यानंतर हा दिवा सुरू झाला. घाटात गाडी बंद पडली तर? मोबाईलला रेंज नसली तर? पोरगी सोबत असताना माझं मन तिथून पुढे सरकायचंच नाही.

बन्सी मिस्त्रीने दोनदा तपासलं, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरसुद्धा बदलला. “ताई, माझ्यासमोर लागतच न्हाई वो!”

शेवटी मीच म्हणाले, विकून टाकू. रविवारी श्रीरामपूरहून माणूस बघायला येणार होता. अप्पांना सांगितलं, तर ते “बरं” म्हणाले आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

शनिवारी सकाळी हाक आली. “निके, ती वही आन. वाच.”

मी एकेक नोंद वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते.

“फ्रिज चालू असायचा का?”

“कायम. पोरीचं दूध असतं ना.”

“आन बन्सीकडं?”

“तिथे जाताना रिकामा करून बंद ठेवायचो.”

“मंग लोड नसताना त्याच्यासमोर कसा लागंल? बस वर. फ्रिज लाव, पंखा लाव, लायटी लाव.”

मी इंजिन सुरू केलं. लहानपणी माझी जागा शेजारीच, इंजिनाच्या गरम झाकणावर, गोधडीची घडी टाकून. अप्पा म्हणायचे, “रस्ता मी बघतो, दिवं तू बघ.” कोपरगाव ते शिर्डी मी मान वळवत नसे. मागचे भाविक हसायचे, “कंडक्टर लई कडक हाय!” लक्ष ठेवायची सवय मला तिथेच लागली. पण तेव्हा भीती वाटायची नाही. शेजारी अप्पा असायचे.

आता ते बॉनेट उघडून एकेक वायर हाताने चाचपत होते.

“लागला?”

“नाही.”

“आता?”

“नाही.”

“आता?”

“लागला! अप्पा, लागला... गेला!”

“हात काढला म्या. खाली ये, काय दिसतंय सांग.”

बॅटरीकडून गाडीच्या सांगाड्याला गेलेली अर्थिंगची वायर. तिच्या बोल्टाभोवती हिरवट-पांढरी भुकटी साचली होती, आणि त्या भुकटीत लाल कण.

“कुंकू आहे, अप्पा.”

दर दसऱ्याला बॉनेट उघडून ते कुंकू वाहून नारळाचं पाणी बॅटरीच्या पायाशी ओतायचे. “हिचा जीव इथं हाय,” म्हणायचे. मी शेजारी फुलांचं ताट धरून उभी. वीस दसऱ्यांचं ते पाणी बोल्टात मुरून जोड गंजला होता.

“म्हंजी म्याच की गं.”

“तुम्हीच!” मला हसू फुटलं आणि थांबेना.

“बन्सीला सांगू नगं.”

पॉलिश पेपरने वायरीचं तोंड घासलं, नवा बोल्ट आवळला. दुपारी सगळं चालू ठेवून कोल्हारपर्यंत गेलो. एकही गतिरोधक मी टाळला नाही. संस्कृती मागे पलंगावर झोपली होती, अप्पा शेजारी बसले होते. दर आदळ्याला विचारायचे, “हाय का?”

“नाही.”

घरी रविराज दारातच उभा. “त्या श्रीरामपूरवाल्याला काय सांगू?”

“येऊ नका म्हणावं.”

मी वही काढून तारीख टाकली. ‘कोल्हार, जाऊन-येऊन. लागला नाही.’

“अजून एक ल्ही,” अप्पा म्हणाले. “नारळ फुडच्या साली चाकापाशी.”